बारीक अक्षरांचा लॅपटॉप

नव्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं आणि स्क्रीनवरची अक्षरं मुंगीएवढी दिसायला लागली, अशी तक्रार हल्ली पुष्कळ जण करतात. लॅपटॉपमध्ये बिघाड काही नसतो. 14 इंची स्क्रीनवर 2880 बाय 1800 पिक्सेल असले, तर एका इंचात सुमारे 243 पिक्सेल बसतात. डेस्कटॉप मात्र अजून इंचाला 96 पिक्सेल धरूनच चाललेला असतो. मग अक्षर निम्म्याहूनही लहान उमटतं.

यावर उपाय म्हणून काही जण रिझोल्यूशनच उतरवतात. कृपा करून तसं करू नका. अक्षरांच्या कडा त्यामुळे पुसट होतात आणि देवनागरीला त्याचा फटका फार बसतो. ‘कुश’ आणि ‘कृश’ यांतला भेद अक्षराखालच्या एवढ्याशा वळणावर असतो. तेच गढूळ झालं तर तासभर मराठी वाचणाऱ्याचे डोळे दुखणारच.

रिझोल्यूशन आहे तेच ठेवा, स्केल बदला. जीनोम डेस्कटॉपमध्ये सेटिंग्ज उघडून डिस्प्लेमध्ये गेलात की स्केल सापडेल. 200 टक्के केलंत की एका ठिपक्याची जागा चार ठिपके घेतात आणि रेघ स्वच्छ राहते.

दीडशे टक्क्यांत गंमत वेगळी आहे. अनेक प्रोग्रॅमच्या बाबतीत चित्र आधी दुपटीने, म्हणजे 3840 बाय 2400 ठिपक्यांत काढलं जातं आणि मग आक्रसून स्क्रीनवर बसवलं जातं. त्यात थोडी धार जाते, ग्राफिक्स चिपचं कामही वाढतं. स्क्रीनवर खिडक्या दाखवणाऱ्या वेलँड या यंत्रणेत 2022 साली यासाठी नवा प्रोटोकॉल आला. त्यामुळे प्रोग्रॅम थेट दीडपटीतच चित्र काढू शकतो. केडीई प्लाझ्मा या डेस्कटॉपच्या 5.27 आवृत्तीत ही सोय आहे. वेलँडच्या आधीच्या एक्स-इलेव्हन यंत्रणेच्या काळातले जुने प्रोग्रॅम मात्र अजूनही धुरकट दिसू शकतात.

म्हणून माझा आग्रह 200 टक्क्यांचाच. अक्षर फार मोठं वाटलं, तर जीनोमच्या ट्वीक्स या प्रोग्रॅममध्ये फॉन्ट्सखाली स्केलिंग फॅक्टर आहे, तो 0.85 करा. लहान होईल तो फक्त मजकूर.

ऑफिसात 24 इंची साधा मॉनिटर जोडत असाल, तर लॉगिन करताना वेलँडच निवडा. त्यात प्रत्येक स्क्रीनला वेगळं स्केल देता येतं. आणि मशीन सुरू होताना येणाऱ्या काळ्या स्क्रीनवरच्या ओळी यातल्या कशानेच मोठ्या होत नाहीत. डेबियन किंवा उबुंटू असेल, तर कन्सोल-सेटअपमध्ये जाऊन टर्मिनस फॉन्टचा 16 बाय 32 हा आकार निवडा.