एकच धून, पुन्हा पुन्हा



तबल्याचं एकल वादन तुम्ही ऐकलं असेल.
पेटीवाला एकच धून, म्हणजे लेहरा, धरून बसतो.
तबला मात्र दर आवर्तनात नवं बोलतो.

हा लेहरा मनात ठेवा.
आता जाऊ या लंडनला.

तारीख 21 नोव्हेंबर 1945.
महायुद्ध नुकतंच संपलेलं.
विगमोर हॉल या छोटेखानी सभागृहात मैफल होती.
हेन्री पर्सेल हा थोर इंग्रज संगीतकार.
त्याला जाऊन त्या दिवशी 250 वर्षं झाली होती.

त्याच्या स्मरणार्थ बेंजामिन ब्रिटननं नवी रचना केली.
तिचं नाव, दुसरं स्ट्रिंग क्वार्टेट.
वादक फक्त चार.
दोन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो.

शेवटच्या भागाला ब्रिटननं पर्सेलच्याच काळातलं नाव दिलं.
चॅकनी.

चॅकनी म्हणजे काय?
आपला लेहराच म्हणा ना!
एक धून पुन्हा पुन्हा येते.
तिच्याभोवतीचं संगीत बदलत जातं.

आधी चौघे मिळून ती धून एकसुरात वाजवतात.
साथीला काही नाही.
नुसती धून.
मग एकेक रूप उलगडू लागतं.
मध्येच चेलो एकटा बोलतो.
भरदार, खर्जातला आवाज.
ही जागा मला फार जवळची वाटते.
पुढे व्हिओला एकटा.
मग व्हायोलिन.

धून तीच.
भोवतालचं संगीत नवं.

ही रचना मिळाली, तर शेवटचा भाग आधी लावा.
डोळे मिटा.
आणि ती धून धरून बसा.
पेटीवाल्यासारखं.