संगणकातला हजेरीपट



कामगार चळवळीतला माणूस वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाईभत्ता आणि संप यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आम्ही आज संगणकात नोंदी कशा ठेवाव्यात यावर बोलणार आहोत. हे काम इंजिनियर मंडळींचे, हमालांच्या युनियनमध्ये उमर घालवलेल्या माणसाने त्यात कशाला पडावे, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, युनियनचे निम्मे काम घोषणांचे असले तर निम्मे वह्यांचे असते. मस्टर, पगारपत्रक, फंडाचा उतारा, सभासदांची यादी यांच्या जोरावर आमचे खटले उभे राहिले आणि यांच्याच अभावी पडले. आता या वह्या संगणकात गेल्या आहेत. तेव्हा त्यांच्या मागोमाग आम्हालाही तिकडे जावे लागले. संगणक आम्ही कोणत्या वर्गात शिकलो नाही. कचेरीतली सभासदांची यादी लावता लावता शिकलो.

साताऱ्या-सांगलीकडच्या पुष्कळ घरांतली मुले-मुली आज प्रोग्रॅम लिहिण्याच्या धंद्यात आहेत. आमचे हे बोलणे मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. परंतु ज्यांचे नाव कोठल्या ना कोठल्या संगणकात आहे, त्या सर्वांचाही, म्हणजे या मंडपातल्या प्रत्येकाचाच, त्याच्याशी संबंध आहे.

प्रथम मुळापासून पाहू. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आणि गुळाची पोती वाहणारा हमाल सकाळी एका अडत्याकडे असतो, दुपारी दुसऱ्याकडे आणि सायंकाळी कोणाच्या तरी ट्रकवर. पूर्वी त्याला काही दुखापत झाली तर प्रत्येक मालक म्हणे, ‘हा आमच्या मस्टरवर नाही.’ आणि ते खरेही असे! तो कोणाच्याच मस्टरवर नव्हता. पाटण तालुक्यातून मुंबईला गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालकाने नोंद करावी, कामगाराने नोंद करावी, आणि मजुरी व तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरावी, अशी त्याची रीत. त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार हे हक्क आले. म्हणजे नोंद आधी झाली आणि तिच्या मागून हक्क आले, हे ध्यानात घ्या.

आता हा कायदा वहीच्या भाषेत मांडू. कामगारांची एक वही, मालकांची दुसरी. परंतु एक कामगार अनेक मालकांकडे जातो आणि एका मालकाकडे अनेक कामगार येतात, ते कोठे लिहावे? नवशिका प्रोग्रॅमर कामगाराच्याच ओळीत ‘मालक एक, मालक दोन, मालक तीन’ असे रकाने पाडतो. मग चौथा मालक आला की गाडे अडते. याला उपाय तिसऱ्या वहीचा. तिच्यात फक्त कामाची नोंद : तारीख, कामगाराचा नंबर, मालकाचा नंबर, पोती, रक्कम. कामगाराचे नाव तेथे पुन्हा लिहायचे नाही, नंबरावरून पहिल्या वहीत पाहायचे. आमचा कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७० साली, आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने डेटाबेसची जी रचना मांडली, तिचे सार हेच आहे. जगातील बहुतेक हिशेब आज त्याच रचनेवर चालतात.

या पायावर आम्हाला काही व्यवहाराच्या सूचना करायच्या आहेत.

पहिली सूचना नंबराची. माणूस नावाने ओळखू नका. जाधव, पाटील, शिंदे, पवार या आडनावांचे किती लोक एका यार्डात असतील! कोणी म्हणेल, जोडीला जन्मतारीख घ्या. तर आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा आठवून पाहा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावलेली माणसे गावोगाव आहेत. एकाच नावाचे आणि एकाच १ जूनचे दोन इसम सापडणे मुळीच कठीण नाही. म्हणून प्रत्येकाला वेगळा नंबर द्यावा, तो कधी बदलू नये, आणि माणूस गेला तरी दुसऱ्याला देऊ नये. भविष्यनिर्वाह निधीत पूर्वी कारखाना बदलला की खाते नवे होई. एका ठिकाणी ६ वर्षे आणि दुसऱ्या ठिकाणी ५ वर्षे नोकरी केलेल्या माणसाची खाती जोडली गेली नाहीत, तर पेन्शनला लागणारी १० वर्षे कोठेच भरत नाहीत. काम केले ११ वर्षे आणि पेन्शन नाही! २०१४ साली प्रत्येकाला एकच कायमचा नंबर देण्याची योजना निघाली ती याच दुखण्यावर.

दुसरी सूचना तारखेची. १ जून आपण १/६ असा लिहितो. अमेरिकन रीतीचा प्रोग्रॅम तोच आकडा ६ जानेवारी असा वाचतो आणि तक्रारही करीत नाही. निवृत्ती जवळजवळ पाच महिने अलीकडे येते. म्हणून तारखेचा रकाना तारखेचाच ठेवावा, त्यात साधा मजकूर भरू देऊ नये, आणि लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा क्रम पाळावा.

तिसरी सूचना आपल्या मराठी अक्षरांची, आणि ही पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांतही पुष्कळदा कोणाच्या लक्षात येत नाही. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. त्यातला ‘ऱ्ह’ संगणकात दोन रीतींनी टंकता येतो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे. संगणकाला मात्र ती दोन निरनिराळी माणसे! एका रीतीने नोंदलेला कुऱ्हाडे दुसऱ्या रीतीने शोधला की उत्तर येते, ‘असा कामगार नाही.’ खुद्द ‘साताऱ्यात’ या शब्दाची हीच गत आहे. तेव्हा नोंद आत घेतानाच प्रोग्रॅमने सर्व रूपे एका रूपात आणावीत. तसेच जुन्या छपाईच्या फाँटमध्ये ठेवलेल्या याद्या असतील तर त्या युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात. त्या याद्यांत अक्षर फाँटच्या भरवशावर असते. फाँट गेला की कुऱ्हाडेही गेला, पाटीलही गेला.

चौथी सूचना रिकाम्या घराची. हजेरीपटात शून्य लिहिणे वेगळे आणि घर कोरे असणे वेगळे. शून्य म्हणजे माणूस आला नाही. कोरे म्हणजे मुकादमाने लिहिले नाही. संगणकात कोऱ्या घराला ‘नल’ म्हणतात आणि त्याचा स्वभाव विचित्र आहे. ‘गैरहजर नसलेले सर्व कामगार दाखव’ असे विचारले, तर कोऱ्या घराचे कामगार त्या यादीत येत नाहीत. ‘गैरहजर असलेले दाखव’ म्हटले तर त्याही यादीत येत नाहीत. दोन्ही याद्या मिळून टोळी पुरी होत नाही. म्हणून प्रत्येक यादी काढल्यावर एकूण माथी मोजावीत. ही सवय आमच्या मुकादमांना संगणकाच्या आधीपासून आहे.

पाचवी सूचना पैशाची. संगणक अपूर्णांक आपल्या दशांश पद्धतीने ठेवीत नाही, दोनच्या पटीने ठेवतो. त्यामुळे एक दशांश त्याला नेमका मांडता येत नाही. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज तो ०.३ देत नाही. सतराव्या घरात ४ उरतो. एका चिठ्ठीत हे दिसत नाही, हजारो चिठ्ठ्यांची बेरीज आणि ताळमेळ घेताना दिसते. मजुरी पैशांत, पूर्णांकात ठेवावी. नाही तर हिशेबासाठी असलेला दशांश रकाना वापरावा. आणि मजुरीतून कापलेली रक्कम व फंडात जमा झालेली रक्कम या दोन नोंदी एका गाठीने बांधाव्यात : दोन्ही होतील, नाही तर एकही होणार नाही. मधेच वीज गेली तरी ‘कापले पण भरले नाही’ अशी नोंद उरता कामा नये. संगणकात याची सोय आहे. ती न वापरणाऱ्याला सबब नाही.

सहावी सूचना खोडाखोडीची. जुना कारकून चूक झाली की तांबड्या शाईने एक रेघ मारी आणि शेजारी सही करी. खालचा आकडा वाचता येत असे. संगणकात नोंद पुसली की जागाही दिसत नाही. म्हणून कामगाराची नोंद पुसूच नये. ‘रद्द’ असा शेरा द्यावा, आणि कोणी, केव्हा, कशासाठी बदलले ते शेजारी राहू द्यावे. बदल करण्याचा हुकूम सोडण्यापूर्वी त्याच अटीने आधी नुसते पाहावे. दहा ओळी बदलायच्या असून पडद्यावर दहा हजार आल्या, तर अट चुकली हे तेथेच कळते. ‘व्हेअर’ हा अटीचा शब्द राहून गेला की सगळ्या टोळीला एकच पगार लागतो!

शेवटची सूचना दुसऱ्या प्रतीची, आणि ती सांगलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर गेले. तळमजल्यावरचे कपाट बुडाले तेव्हा त्याच कपाटातील दुसरी प्रत कोणाला वाचवणार? सांगलीच्या कचेरीची प्रत साताऱ्यात असावी. साताऱ्याची सांगलीत असावी, कारण ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपण विसरलेलो नाही. आणि प्रत काढून स्वस्थ बसू नये. तिमाहीतून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडावी, चार कामगारांचा हिशेब तीवरून काढून पाहावा. उघडून न पाहिलेल्या प्रतीवर भरवसा ठेवू नये.

मित्रहो, या सूचनांत अवघड असे काही नाही. मग त्या पाळल्या का जात नाहीत? आमच्या मते कारण असे की, वही होती तेव्हा कामगार कचेरीच्या खिडकीशी उभा राहून ‘साहेब, माझे पान दाखवा’ म्हणू शकत होता. कारकुनाला ती धास्ती असे. आज प्रोग्रॅम लिहिणारा एका शहरात, यंत्र दुसऱ्या शहरात आणि कामगार तिसऱ्या. ज्याची चूक तो आणि जो भोगतो तो, यांची गाठच पडत नाही. ‘सिस्टिममध्ये नाही’ या वाक्यापुढे म्हातारी माणसे हात जोडून परत जातात. ‘आमच्या मस्टरवर नाही’ हेच ते जुने उत्तर, पन्नास-पंचावन्न वर्षांनी नव्या तोंडून आलेले.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्याची नोंद, त्याला ती त्याच्या भाषेत पाहता आली पाहिजे, ती चुकली असेल तर सांगायला समोर माणूस पाहिजे, आणि दुरुस्तीची मुदत ठरलेली पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणांनी वर्षातून एक दिवस त्या खिडकीशी बसावे. कोणत्या रकान्यात काय अडते ते पुस्तकापेक्षा तेथे लवकर कळेल.

आणि आपण सर्वांनी या आठवड्यात एक करावे. घरात ज्याचा फंड असेल त्याचे पासबुक काढावे. नाव, जन्मतारीख, कामाला लागल्याची तारीख, सोडल्याची तारीख, या चार गोष्टी आपल्या कागदांशी ताडून पाहाव्यात. फरक दिसला तर आजच अर्ज करावा. निवृत्तीच्या वर्षी सर्वांनाच घाई असते.