रिकाम्या बाकांचा हिशेब

(महाविद्यालयीन शारीरिक शिक्षण संचालकांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



आपण या पदाला पात्र नाही, असं अध्यक्षानं सुरुवातीला म्हणायची आपल्याकडे रीत आहे. निवड तुम्ही केलीत, तेव्हा ती काळजी तुमच्यावर सोपवून मी थेट विषयाकडे वळतो. कॉलेजच्या सामन्याला प्रेक्षक का येतात आणि का येत नाहीत, एवढाच माझा विषय. बोलणार आहे मुख्यतः अमेरिकेबद्दल. कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला लाखभर माणूस जमतं ते तिथेच, आणि ते जमेनासं झालं की डोक्याला हात लावून बसणारे अधिकारीही तिथेच.

तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात धरून पळायचा खेळ. या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून जो सांगितला जातो, तो 6 नोव्हेंबर 1869 रोजी न्यू जर्सीत रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. त्याचे नियम मात्र आपल्या फुटबॉलच्याच जवळचे होते. रटगर्सनं तो 6-4 असा जिंकला. बघायला शंभरएक माणसं होती, काही कुंपणावर बसलेली. पुढे 1903 मध्ये हार्वर्डनं, 1914 मध्ये येलनं आणि 1927 मध्ये मिशिगननं आपापली भव्य स्टेडियम उभी केली. मिशिगनच्या स्टेडियमची आजची क्षमता 1,07,601. नोव्हेंबर 1975 पासून तिथे घरच्या प्रत्येक सामन्याला लाखावर उपस्थिती नोंदली गेली आहे. अपवाद फक्त कोरोनाच्या 2020 सालचा.

मुलगी मिशिगन विद्यापीठाच्या गावात शिकायला होती, म्हणून एका शनिवारी मीही त्या गर्दीत होतो. रस्त्यावरून स्टेडियम फारसं उंच दिसत नाही, कारण बरंचसं जमिनीखाली आहे. दारातून आत गेलात की तुम्ही वरच्या अंगाला उभे असता आणि बाकांच्या रांगा खाली खाली उतरत गेलेल्या दिसतात. लांबच लांब ॲल्युमिनियमची बाकं, त्यावर रंगवलेले आकडे, आणि दोन आकड्यांमधलं अंतर इतकं कमी की थंडीचं जाड जाकीट घातलेला माणूस दीड जागा खातो. स्टेडियमसमोरच्या गोल्फच्या मैदानावर सकाळपासून गाड्या लागलेल्या, डिक्की उघडून शेगड्या पेटवलेल्या. आसपासचे रहिवासी घरापुढच्या हिरवळीवर गाड्या लावायला देऊन चार पैसे करत होते.

खेळ मला निम्मा कळला नाही. पण मैदानाच्या कडेला लाल टोपी घातलेला एक माणूस उभा होता, त्याच्याकडे माझं लक्ष गेलं. तो हात वर करी आणि बावीस धिप्पाड गडी जागच्या जागी थांबत. टीव्हीवर जाहिराती चालू व्हायच्या. जाहिराती संपल्या की त्याच्या खुणेनं खेळ पुन्हा सुरू. घड्याळाप्रमाणे साठ मिनिटांचा खेळ तीन तासांच्या पुढे जातो, त्याला हाही गडी कारण. घरी बसलेला तेवढ्यात चहा करून येतो. पैसे मोजून आलेला मात्र थंडीत हात चोळत बसतो.

या लाल टोपीमागे मोठी कथा आहे. टीव्ही आला तेव्हा गेटवरची माणसं कमी होतील, या भीतीनं तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संघटनेनं, म्हणजे एनसीएएनं, 1951 पासून सामन्यांच्या प्रक्षेपणावर निर्बंध घातले. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांनी त्याविरुद्ध दावा लावला. 1984 साली सर्वोच्च न्यायालयानं निर्बंध मोडीत काढले. त्यानंतर टीव्हीचा पैसा इतका आला, की सामना किती वाजता सुरू करायचा हेही वाहिनी ठरवू लागली. पुष्कळदा ही वेळ बारा दिवस आधी कळते, कधी कधी सहाच दिवस. चारशे किलोमीटरवरून पोरंबाळं घेऊन येणाऱ्या माणसानं सुट्टी कधी टाकायची आणि मुक्कामाची सोय कधी करायची? एकदा नाही, दोनदा नाही, तिसऱ्यांदा तो म्हणतो, जाऊ दे, घरीच बघू.

आकडे तेच सांगतात. वरच्या गटातल्या विद्यापीठांची सरासरी उपस्थिती 2018 मध्ये 41,856 वर आली, म्हणजे बावीस वर्षांतला नीचांक. आणि हा झाला जाहीर आकडा. एका मोठ्या वृत्तपत्रानं त्या सुमारास गेटवर प्रत्यक्ष स्कॅन झालेली तिकिटं तपासली, तेव्हा ती जाहीर उपस्थितीच्या सरासरी 71 टक्केच भरली. आपल्याला यात नवल वाटायला नको. ‘विद्यार्थी मोठ्या संख्येने उपस्थित होते’ हे वाक्य आपण प्रत्येक अहवालात लिहितो. तिकडे निदान कुणीतरी मोजलं.

आता उपायांकडे येऊ. वाय-फाय आलं, मोठे पडदे आले. साउथईस्टर्न कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटानं 2019 मध्ये सर्वसाधारण गॅलरीत बिअर विकायला मुभा दिली. 2023 मध्ये खेळ आटोपशीर करायला घड्याळाचे नियम बदलले. अलाबामाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. तिथला संघ इतका बलाढ्य, की बहुतेक सामने मध्यंतरालाच निकाली निघत आणि विद्यार्थी उन्हाला वैतागून उठून जात. प्रशिक्षक निक सेबन जाहीरपणे चिडले. 2019 मध्ये विद्यापीठानं फोनमधलं ॲप काढलं: सामन्याला आलात तर 100 गुण, चौथ्या सत्रापर्यंत बसलात तर आणखी 250, ज्याचे गुण जास्त त्याला मोठ्या सामन्याच्या तिकिटात अग्रक्रम. तुम्ही स्टेडियममध्ये आहात की नाही, हे फोन सांगणार. थोडक्यात, हजेरीपट! आपण पंचाहत्तर टक्क्यांच्या अटीवर मुलं वर्गात बसवतो, त्यांनी तीच युक्ती मैदानावर नेली. बसलेलं पोर आणि रंगलेलं पोर यांतला फरक या सभागृहाला समजावून सांगायची गरज नाही.

सगळ्यात बोलका मामला पुन्हा मिशिगनचाच. डेव्ह ब्रँडन तिथले क्रीडा संचालक होते. स्वतः तिथले जुने खेळाडू, त्याआधी डॉमिनोज पिझ्झाचे प्रमुख. धंद्याची जाण उत्तम. 2013 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांच्या ठरलेल्या जागा काढून ‘जो आधी येईल तो पुढे बसेल’ असा नियम केला. मुलं वेळेवर येतील, असा हिशेब. वर्षानुवर्षं ज्या मित्रांच्या टोळक्यात उभं राहायचं, ते टोळकंच त्यानं फुटलं. हंगामी तिकीटही महागलं, 2014 मध्ये 280 डॉलर. विद्यार्थ्यांची हंगामी तिकिटं एकोणीस-वीस हजारांवरून बाराएक हजारांवर घसरली. त्याच हंगामात कोकाकोलाच्या दोन बाटल्यांबरोबर दोन तिकिटं, अशी योजना निघाली, आणि ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विद्यार्थी आवारात मोर्चा घेऊन जमले. 31 ऑक्टोबर 2014 रोजी ब्रँडन पायउतार झाले. पुढच्या वर्षी तिकीट 175 डॉलरवर आणलं गेलं. 2014 मध्ये संघ हरत होता, हे खरं. पण हरणाऱ्या संघापाठी माणसं उभी राहतात हेही तितकंच खरं. गिऱ्हाईक म्हणून वागवलेली मात्र गिऱ्हाइकासारखाच विचार करतात, परवडतं का आणि दुसरीकडे काय मिळतं.

म्हणून कुणी म्हणेल, मग फुकट सोडा. तेही करून झालंय. कितीतरी लहान विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या फीमध्येच खेळाची वर्गणी धरलेली असते, ओळखपत्र दाखवलं की आत, तरी बाकं रिकामी. आपणही जिमखाना फी घेतोच की! पैसे भरून ठेवलेला आपला विद्यार्थी आपल्या सामन्याला येतो का?

जागेचा मुद्दा मी पटकन उरकतो, कारण तो सोपा आहे. मिनेसोटा विद्यापीठानं 1982 मध्ये आपला संघ शहरातल्या छपराखालच्या मोठ्या स्टेडियममध्ये नेला आणि 2009 मध्ये नवं मैदान बांधून आवारात परत आणला. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेननं अवाढव्य सुपरडोम सोडून 2014 मध्ये विद्यापीठातच तीसएक हजारांचं स्टेडियम उभारलं. यूसीएलएचा संघ अजून आवारापासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या रोझ बोलमध्ये खेळत आलाय, लॉस एंजेलिसच्या वाहतुकीतून मुलांना बसनं जावं लागतं, आणि तिथल्या रिकाम्या जागांची चर्चा दरवर्षी होते. वसतिगृहातून चालत जाता आलं पाहिजे, इतकंच.

आता जिथं माणसं येतातच, तिकडे बघू. टेक्सास ए अँड एममध्ये विद्यार्थी अख्खा सामना उभ्यानं बघतात. जानेवारी 1922 मध्ये डॅलसच्या एका सामन्यात खेळाडू इतके जायबंदी झाले, की राखीव कोणी उरेना. तेव्हा ई. किंग गिल नावाचा विद्यार्थी प्रेक्षागारातून बोलावला गेला, त्यानं गणवेश चढवला आणि शेवटपर्यंत कडेला तयारीत उभा राहिला. खेळायची वेळ आलीच नाही. पण त्या दिवसापासून तिथला प्रत्येक विद्यार्थी स्वतःला संघाचा बारावा गडी समजतो. घोषणा देणारे पुढारीही विद्यार्थीच मतदानानं निवडतात. घरच्या सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता हजारो मुलं स्टेडियममध्ये जमून घोषणांची तालीम करतात. तालमीला! खेळाडू तेव्हा झोपलेले असतात.

न्यू ऑर्लिन्सला नोव्हेंबरच्या अखेरीस ग्रँबलिंग आणि सदर्न या दोन कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठांत बायू क्लासिक नावाचा सामना होतो. तिथली मंडळी सांगतात, खाऊ आणायला खेळ चालू असताना उठायचं, मध्यंतरात नाही. मध्यंतरात दोन्ही विद्यापीठांची बँडपथकं उतरतात.

आणि आयोवा. 2017 मध्ये स्टेडियमला लागूनच मुलांच्या रुग्णालयाची बारा मजली इमारत सुरू झाली. वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून मैदान दिसतं. समाजमाध्यमावर एका चाहत्यानं सुचवलं, पहिलं सत्र संपलं की सगळ्यांनी वळून त्या खिडक्यांकडे हात हलवूया. तेव्हापासून प्रत्येक सामन्यात सत्तरएक हजार माणसं, दोन्ही संघांचे खेळाडू आणि पंचसुद्धा, रुग्णालयाकडे तोंड करून हात हलवतात. वर आजारी मुलं काचेला चिकटून उभी असतात. कुठल्याही मार्केटिंग विभागाला हे सुचलं नव्हतं, याला एक पैचा खर्च नाही, आणि सामना बघायला आलेला माणूस हे चुकवत नाही.

नेब्रास्काचं सांगितलं नाही तर चित्र एकांगी राहील. 1962 च्या नोव्हेंबरपासून तिथली तिकिटं प्रत्येक सामन्याला संपलेली आहेत. संघ पडला तरीही. मात्र अलीकडे उरलेली तिकिटं देणगीदारांनी विकत घेऊन गरजू मुलांना दिली, तेव्हा ही साखळी टिकली. मला यात लबाडी दिसत नाही. त्याच स्टेडियममध्ये 30 ऑगस्ट 2023 ला विद्यापीठाच्या मुलींच्या व्हॉलीबॉल सामन्याला 92,003 माणसं आली. मुलींच्या व्हॉलीबॉलला, मित्रहो. आपल्या मुलींच्या झोनल स्पर्धेच्या अंतिम सामन्याला किती होती?

‘आपल्याकडच्या मुलांना खेळाचं वेडच नाही’ हे मी तीस वर्षं ऐकतोय आणि मला ते मान्य नाही. कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे फुटबॉल संघ भिडतात तेव्हा जाऊन बघा. पेठाच्या पेठा उतरतात, निशाणं येतात, कधी कधी पोलीसही आणावे लागतात, ते काही भूषण नव्हे; पण उपस्थिती वाढवा असं तिथे कुणाला सांगावं लागत नाही. संघ तालमीचा असतो आणि तालीम गल्लीची. आणि नुसतं कोल्हापूर कशाला, पुण्यात पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिरात काय होतं? एकांकिका सुरू व्हायच्या आधी ‘आवाज कुणाचा’ म्हणून छत दणाणतं. ही आपल्याच कॉलेजांतली मुलं. रंगमंचावर कोण आहे, तालीम कुठल्या वर्गात झाली, सेट कुणी ठोकला, हे त्यांना ठाऊक असतं. त्यातल्या निम्म्यांनी काही ना काही उचललेलं असतं.

आणि आपला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल? मंगळवारी सकाळी दहाला, गावाबाहेरच्या मैदानावर, चाचणी परीक्षेच्या आठवड्यात. वेळापत्रक निघतं ते संघ पाठवायच्या परिपत्रकात; ते प्राचार्यांच्या टेबलावरून आपल्याकडे येतं आणि आपल्याच फाइलला लागतं. कडेला पाण्याचा जार, राखीव खेळाडू आणि टी.ए.-डी.ए.च्या कागदावर सह्या घेणारा शिपाई. गोल झाला तर ओरडणार कोण? दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलाला कुणी विचारतही नाही.

अमेरिकेसारखी स्टेडियम बांधा, असं मी म्हणणार नाही. त्या व्यवस्थेतला पैसा, प्रशिक्षकांचे कोट्यवधींचे पगार, वर्षानुवर्षं फुकट राबवलेले खेळाडू, हे काहीही आपल्याला नको. त्यांना लाख माणसं हवीत, आपल्याला तीनशे पुरेत. तीनशे माणसांसमोर खेळणारा मुलगा वेगळा खेळतो, हे तुम्ही सगळे जुने खेळाडू आहात, तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा या हंगामापुरती माझी विनंती ऐका. झोनलचा उपांत्य आणि अंतिम सामना शनिवारी दुपारी, एखाद्या कॉलेजच्या स्वतःच्या मैदानावर ठेवा. वेळ तीन आठवडे आधी ठरवा आणि मग कुणाचाही फोन आला तरी बदलू नका. परिपत्रकाची प्रत कॅन्टीनच्या दारावर लावा. ढोलपथकातल्या मुलांना, नाट्यमंडळातल्या मुलांना एका कोपऱ्याची जागा नेमून द्या आणि घोषणा त्यांच्या त्यांना रचू द्या. शिव्या तेवढ्या आधी तपासून घ्या. हजेरी घेऊ नका, प्रमाणपत्र देऊ नका. पुढच्या संमेलनाला याल तेव्हा अंतिम सामन्याला किती माणसं होती तो आकडा घेऊन या, आणि तो मोजलेला असावा.