रुमाल, अभ्रा आणि व्हॅक्यूम क्लीनर

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘घरगुती व्हॅक्यूम क्लीनर : निवड आणि निगा’. माझ्या मते या दोन्हींचं उत्तर एकाच वस्तूत आहे, आणि ती म्हणजे फिल्टर. दुकानात गेलात की सांगा, मोटरचं नंतर बघू, आधी याचा फिल्टर काढून माझ्या हातात द्या. कसा निघतो, धुता येतो का, सुटा केवढ्याला मिळतो, आत्ता तुमच्याकडे शिल्लक आहे का, हे सगळं विचारा आणि मग किमतीची घासाघीस करा.

पंखा फिरला की आतला दाब कमी होतो, बाहेरची हवा धूळ घेऊन आत शिरते, हे आपण शाळेत शिकलोय. ते सोडून देतो. मला पुढचं विचारायचंय. आत शिरलेली हवा जाते कुठे? ती मशीनच्या मागून त्याच खोलीत परत येते. गाळणी नीट नसेल तर डोळ्यांना दिसणारा केर डब्यात जातो आणि छातीत जाणारी बारीक धूळ खोलीभर पसरते. घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला विचारा.

हे मी आज पहिल्यांदा म्हणतोय असं नाही. या यंत्राचा जन्मच गाळणीतून झाला. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. पूल बांधायचा, मोठाले पाळणे उभारायचा. व्हिएन्नाचा तो प्रसिद्ध पाळणा उभारण्यात त्याचा हात होता. लंडनमध्ये त्याला एका यंत्राचं प्रात्यक्षिक बघायला मिळालं. ते यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवायचं. बूथने विचारलं, उडवण्याऐवजी ओढून का घेत नाही? उत्तर मिळालं, ते शक्य नाही. बूथच्या डोक्यातून ते जाईना. पुढे एका उपाहारगृहात बसला असताना त्याने खुर्चीच्या मऊ कापडावर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला.

(हशा)

हसा, पण त्या रुमालाकडे बघा. खुर्चीला टेकलेल्या बाजूवर धुळीचा डाग उमटला होता. आता मला सांगा, त्या दिवशी शोध कशाचा लागला? हवा ओढणारे पंप तर शेकडो वर्षं होते. हवा पलीकडे जाते आणि धूळ अलीकडे राहते, हे रुमालाने दाखवलं. 1901 साली बूथने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर बसवलेलं, पेट्रोलवर चालणारं. ते रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात जायच्या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले. लंडनमधल्या बायका मैत्रिणींना चहाला बोलवायच्या आणि काचेच्या नळीतून आपल्याच घरची धूळ जाताना दाखवायच्या, असंही सांगतात.

(श्रोत्यांतून : आमच्याकडे दाखवायला खूप आहे! – हशा)

सगळ्यांकडेच आहे, बाई. आणि हातात धरायचं मशीन कोणी केलं? अमेरिकेत ओहायोतल्या कँटन गावच्या जेम्स स्पँग्लरने. तो एका दुकानात झाडलोटीचं काम करायचा आणि त्याला दमा होता. झाडताना उडणारी धूळ सोसवेना, म्हणून त्याने पंख्याची मोटर घेतली, झाडूचा दांडा घेतला आणि मागे बांधला उशीचा अभ्रा. 1908 मध्ये पेटंट मिळालं. त्याच्याकडून ते हूव्हर नावाच्या व्यावसायिकाने विकत घेतलं आणि पुढे नाव झालं हूव्हरचं. मला मात्र स्पँग्लर मोठा वाटतो. जो झाडतो त्यानेच मशीन निवडावं, असा माझा आग्रह आहे तो त्याच्यामुळे. आपल्या घरांत निवडतो एक आणि वाकतो दुसरा.

(टाळ्या, पहिल्या रांगेतून एक गृहस्थ : आम्हीही वाकतो हो!)

वाकत असाल तर दुकानात तुम्हीच जा. संयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा वॉटचं भरभर सांगतो. वॉट म्हणजे मशीन वीज किती खातं. युरोपने 2014 मध्ये 1600 वॉटची मर्यादा घातली, 2017 मध्ये ती 900 वर आणली. तिथली घरं काही अस्वच्छ झाली नाहीत. खोक्यावर ‘हेपा’ लिहिलेलं असतं. अमेरिकी मापाने त्याचा अर्थ 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवणारा फिल्टर. पण झाकणाचं रबर सैल असेल तर हवा फिल्टर टाळून फटीतून निघून जाते, आणि तो आकडा खोक्यावरच राहतो.

पिशवीचं घ्यावं की डब्याचं, अशी चिठ्ठी आली आहे. घरात दमा किंवा ॲलर्जी असेल तर पिशवीचं. डबा रिकामा करताना धुळीचा जो ढग उठतो, तो त्याच माणसाच्या तोंडावर येतो. मी फिल्टर आणि पिशव्या विकणाऱ्यांचा माणूस आहे असं गेल्या वेळी कोणी म्हणालं होतं. मी कुणाचाही नाही.

दुसरी चिठ्ठी : लक्ष्मीपूजनाला आम्ही केरसुणी पूजतो, तिला हद्दपार करायचं का? मुळीच नाही. लादीसाठी केरसुणी आणि मागून ओलं फडकं याला तोड नाही. ओलं फडकं बारीक धूळ धरून ठेवतं. मशीनची खरी जागा गादी, सोफा, पडदे, पुस्तकांची कपाटं आणि सरकत्या खिडक्यांच्या खाचा. गादीवर विशेष भर द्या. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे डोळ्यांना न दिसणारे माइट असतात, हे 1960 च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. ते आपल्या अंगावरून झडलेल्या त्वचेवर जगतात आणि दमट हवेत वाढतात. मुंबई-कोकणातल्या मंडळींनी हे मनावर घ्यावं.

आता निगा. नळीचं तोंड तळव्याने बंद करा. मोटरचा आवाज चढेल, कारण हवा नसली की पंख्यावरचा भार उतरतो आणि तो वेगाने फिरतो. तोंड उघडं असतानाही आवाज तसाच चढलेला असेल, तर कुठेतरी चोंदलंय. लोकांना वाटतं, वा, काय जोर आहे! प्रत्यक्षात मोटर तापत असते, कारण बहुतेक घरगुती मशीनमध्ये तीच हवा मोटरला थंड करते. तोंड बंद करूनही आवाज बदलला नाही, तर नळी फाटली असेल किंवा झाकण नीट बसत नसेल. आवाज खरखरीत झाला, ठिणग्या दिसल्या, जळका वास आला तर बहुधा मोटरमधले कार्बन झिजलेत. मशीन टाकून देऊ नका, मेकॅनिककडे न्या, कार्बन बदलून मिळतात.

रांगोळी, पीठ, सिमेंट मशीनने ओढू नका. इतकी बारीक पूड फिल्टरच्या छिद्रांत जाऊन बसते. धूप-उदबत्तीची राख गरम असताना तर कधीच नाही. दिवाळीनंतर दुरुस्तीला येणाऱ्या मशीनच्या पोटात मी रांगोळी किती वेळा पाहिली आहे! दारातली रांगोळी कागदावर भरून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

(घंटा)

एवढंच सांगतो आणि बसतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, झटकायचा आणि वेळ झाली की बदलायचा. धुता येणारा असेल तर साबणाशिवाय साध्या पाण्याने धुवा आणि पुरता 24 तास वाळू द्या. ओला बसवलात तर धुळीचा चिखल होतो, बुरशी धरते आणि पुढच्या वेळी तोच कुबट वास खोलीत येतो. बाहेरच्या टेबलावर मी तीन फिल्टर ठेवलेत : एक कोरा, एक वापरलेला, एक ओलाच बसवलेला. जाताना हातात घ्या, दिव्यासमोर धरून बघा आणि वासही घ्या. ज्यांना दमा आहे त्यांनी फक्त लांबून बघा.