कोठार उघडं आहे, पोतं घेऊन चला
(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात झालेलं भाषण)



दिंडीला शंभर वर्षं झाली, चार शब्द बोला, असं मंडळींनी सांगितलं. आम्ही चौथी पास, धंदा वावराचा. कीर्तन आमच्या बुवांच्या मागं टाळ धरून शिकलो. दिंडीचा इतिहास सांगणारे जाणते लोक इथं बसले आहेत, तो त्याईनं सांगावा. आम्ही आमची एक चूक सांगतो.

२०१७ सालची गोष्ट. अकोटकडच्या एका गावी सप्ताह होता, आम्ही मुक्कामी होतो. रातची लाइन होती म्हणून एक गडी हरभऱ्याले पाणी द्यायला गेला. बांधावर त्याले पान लागलं. घरच्यांनी आधी देवळात नेला, मग गाडी शोधत बसले, तवरिक सारं आटोपलं होतं. कोणी तरी म्हणे, पोलीस पाटलाले खबर द्या, दवाखान्यात न्या, पंचनामा होऊ द्या. म्हातारी माय रडू लागली, माह्या लेकराले फाडू नका म्हणे. साऱ्यांनी आमच्याकडं पाहिलं. अन् आम्ही बोलून गेलो, देह मातीचा, त्याची चिरफाड कायले? उन्हं वर यायच्या आत अग्नी द्या. महाराजाचा शब्द कोण मोडते?

तेरवीले कीर्तन आम्हीच केलं. लोक म्हणे, महाराज, लय रडवलं.

दोन महिन्यांनी ती बाई दोन लेकरं घेऊन आमच्या दारी आली. तीन एकर वावर नवऱ्याच्याच नावावर होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात विम्याचे २ लाख तिला भेटायला पाहिजे होते. फॉर्म भरला, पण परत आला. सातबारा होता, मृत्यूचा दाखला होता, वारस नोंद होती. पण साप चावून मेला याचा कागद नव्हता. पंचनामा नाही, शवविच्छेदन नाही, डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा नाही. "महाराज, तो कागद आता कुठून आणू?" एवढंच ती बोलली. आम्हाला शिव्या दिल्या असत्या तं बरं वाटलं असतं. उपचाराच्या आधीच जीव गेला अन् शवविच्छेदन राहून गेलं, तर वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र चालते, हे आम्हाला मागाहून समजलं. तिच्याजवळ तेही नव्हतं. आमच्या एका वाक्यापायी त्या घराचे २ लाख गेले.

मग आम्ही तिच्यासंगं तहसीलीत हिंडलो. कोणती तहसील ते सांगत नाही. एक बाबू म्हणे, महाराज, तुमी इथं कायले? आम्ही म्हटलं, प्रायश्चित्त घ्यायले. तो हसला, त्याले वाटलं आम्ही गंमत करून राह्यलो. तिचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत होतं, म्हणून कर्ता माणूस गेल्यावर मिळणारे कुटुंब अर्थसाहाय्याचे २०,००० निघाले. मग संजय गांधी निराधार. उत्पन्नाचा दाखला वर्षाला २१,००० च्या आतला लागते. तवा महिन्याचे ६०० होते, जुलै २०२३ पासून १,५०० झाले. त्या दोन लाखांची भर यानं होत नाही, हे आम्हाला माहीत आहे.

पण खरी अडचण कागदाची नाही, लाजेची आहे. आपल्याकडं लोक म्हणते, आमी काय भिकारी हाओत, सरकारपुढं हात पसरायले? अशा म्हाताऱ्या आम्ही पाह्यल्या, पासष्टी ओलांडलेल्या, श्रावणबाळ योजनेत बसणाऱ्या, लेकाची अब्रू जाईल म्हणून फॉर्म भरत नाहीत, अन् गोळ्या अर्ध्या तोडून खातात. त्याईले आम्ही मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा सांगतो. दुष्काळात पंतांनी धान्याचं कोठार उघडून दिलं. आता लोकच पोतं घेऊन गेले नसते, घरी मानानं उपाशी बसले असते, तं पंतांनी काय करावं होतं? गाडगेबाबा आपल्याच शेंडगावचे. त्याईनं कर्ज काढून सण करू नका म्हटलं, आपल्या वाट्याचं सोडून द्या असं कुठं म्हटलं?

दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम, वर्धा या सहा जिल्ह्यांचं नाव २००६ साली साऱ्या देशाले समजलं. पंतप्रधान नागपूरले येऊन पॅकेज सांगून गेले. नाव झालं, पण कशापायी ते तुम्हाला माहीत आहे. ज्या घरात असं झालं, तिथं १ लाखाची मदत आहे, ३० हजार हाती अन् ७० हजार ठेवीत. त्याले कर्जाचा पुरावा लागते, सोसायटीचं, बँकेचं, नाही तं परवाना असलेल्या सावकाराचं. बिनपरवान्याच्या सावकाराकडून घेतलं अन् घरच्यांना पत्ताच नाही, तं प्रकरण अपात्र. म्हणून पुरुष मंडळींना हात जोडून सांगतो, काय घेतलं, कोणाकडून घेतलं, घरच्या लक्ष्मीले सांगून ठेवा. मरणाची गोष्ट म्हणून नाही, तिले माहीत असलं तं ते ओझं तुमच्या एकट्याच्या छातीवर राहत नाही.

आता आमचा नेम असा आहे. कीर्तन झाल्यावर बुक्का लागला, की अर्धा घंटा आम्ही उठत नाही. गावातली शिकलेली एखादी पोरगी जवळ बसवतो, ती वही लिहिते. कोणाच्या घरी काय झालं, कोणता कागद कमी आहे. अपघाताची योजना २०२३ पासून विमा कंपनीकडं राह्यली नाही, सरकार स्वतः अनुदान देते. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं गेला पाहिजे. १० ते ७५ वयाचा खातेदार, अन् त्याच्या घरातला आणखी एक जण, दोघं त्यात येतात. तेरवी होईपर्यंत तेरा दिवस गेलेच, हे ध्यानात ठेवा. दलालाले पैसे देऊ नका. अन् पान लागलं तं देवळात नाही, आधी सरकारी दवाखान्यात. जीव वाचते, ते पहिलं. विठोबा काही रागावत नाही.

वारीतही तसंच. चोपदारांनी यंदा प्रत्येकाच्या पिशवीत आधार अन् पासबुकाची झेरॉक्स ठेवायला सांगितलं, त्यावर काही जण कुरकुरले. कुरकुरू द्या.

त्या बाईची मोठी पोरगी आता बारावीत आहे. आज आमची वही तीच लिहून राह्यली, मंडपाच्या उजव्या अंगाले, पाण्याच्या टाकीजवळ बसली आहे. ज्याईच्या घरी काही राहून गेलं असेल, त्याईनं महाप्रसाद झाल्यावर तिच्याकडं जावं. रेशनकार्ड आणलं नसलं तरी नाव सांगून ठेवा.

रामकृष्णहरी.