पंचवीस वर्षांचा अंबाडा

(रौप्यमहोत्सवानिमित्त महिला मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. बोलण्यात जसे आले तसेच बहुतांशी ठेवले आहे.)



मंडळाच्या वहिनींचा फोन आला तेव्हा त्या म्हणाल्या, पंधरा मिनिटं काहीही बोला, पण अनुभवाचं बोला. मी विचारलं, केसांवर बोलू का? पलीकडे जरा शांतता. मग काळजीच्या सुरात, "फार गळतात का हो?"

गळत नाहीत. कुरळे आहेत. आणि ही गोष्ट इथल्या बऱ्याच जणींना आजच कळत असेल, कारण पंचवीस वर्षांत या सोसायटीत माझा अंबाडा सुटलेला कोणी पाहिलेला नाही. मघाशी लिफ्टमध्ये आमच्याच मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "कोणाकडे आलात?"

माझ्या लहानपणी रविवार म्हणजे न्हाण्याचा वार. आई डोक्यावर चांगलं वाटीभर तेल थापायची, मग ते निघावं म्हणून दोनदा साबण, मग टॉवेलनं खसाखसा पुसणं, आणि केस वाळले की बारीक दातांचा कंगवा घेऊन मागे बसायची. तो कंगवा वरून खाली ओढला की माझ्या डोळ्यांतून पाणी. शेवटी डोक्यावर पिंजलेला कापूस तयार व्हायचा. तो बसवायला पुन्हा तेल आणि दोन घट्ट वेण्या. "कुरळ्या केसांची पोरं हट्टीच," असं आल्या-गेल्याला सांगितलं जायचं. मी हट्टी नव्हते हो, माझं डोकं दुखायचं!

आईला दोष देत नाही. तिचे स्वतःचे केस सरळ होते, तिला जे माहीत होतं ते तिनं केलं. पण मी? माझे स्वतःचे कुरळे, तरी मी माझ्या लेकीला तेच केलं. रोज सकाळी शाळेची बस गेटवर यायच्या आधी माझा आवाज जिन्यातून खाली ऐकू जायचा, "आधी त्या झिंज्या आवर!" जुन्या लोकांना आठवत असेल. वॉचमनकाकांना तर नक्की आठवतो.

दहावीची परीक्षा झाली, २०१८ साली, आणि बक्षीस म्हणून मीच तिला पार्लरमध्ये नेऊन केस कायमचे सरळ करून आणले. पाच तास बसलो. डोळे चुरचुरत होते दोघींचे. नंतर वाचलं तेव्हा कळलं की आत काय चालतं. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याच्या आत गंधकाचे बंध असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्या औषधानं ते बंध तोडायचे, केस ताणून सरळ करायचे आणि दुसऱ्या औषधानं पुन्हा जोडायचे. 'कायमचे' म्हणतात ते त्या तेवढ्या केसांपुरतं. मुळातून नवा येणारा केस कुरळाच येतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर किंवा थोडा जास्त. म्हणजे पुन्हा पार्लर. ऑक्टोबर २०१९ पर्यंत आमच्या तीन फेऱ्या झाल्या.

मग आला लॉकडाऊन. पार्लर बंद. जूनपर्यंत लेकीचे वरचे आठ-नऊ सेंटिमीटर केस कुरळे आणि खालचे खराट्यासारखे सरळ, टोकांना फाटे फुटलेले. एके दुपारी ती बाल्कनीत आरसा घेऊन बसली होती. मी सवयीनं म्हटलं, अगं बांध ते. ती शांतपणे म्हणाली, "आई, मला लहानपणापासून वाटायचं की माझ्या केसांना काहीतरी आजार आहे." रागानं म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती नुसतं सांगत होती.

संध्याकाळी तिनं खालचे सगळे केस स्वतः कापून टाकले. मी मागून सरळ रेषेत कापून दिले, तेवढीच माझी मदत. आणि मग आम्ही दोघींनी शिकायला सुरुवात केली.

न्यूयॉर्कमध्ये केस कापण्याचा व्यवसाय करणाऱ्या लॉरेन मॅसी नावाच्या बाईंनी २००१ साली 'कर्ली गर्ल' हे पुस्तक लिहिलं. आज जी पद्धत सगळीकडे सांगतात तिचं मूळ बरंचसं तिथे आहे. सांगणं सोपं आहे. कुरळा केस मुळात कोरडा असतो. डोक्याच्या त्वचेतून निघणारं तेल सरळ केसावरून घरंगळत खाली जातं, पण कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं आणि टोकापर्यंत पोचतच नाही. त्यावर आपण कडक शाम्पू लावतो, भसाभसा फेस येणारा. त्यात सल्फेट असतं, ते उरलंसुरलं तेलही काढून नेतं. मग केस हवेतला ओलावा शोधत फुलतात. त्यालाच आपण झिंज्या म्हणतो!

आता आम्ही काय करतो ते सांगते. वह्या काढू नका, अवघड काही नाही.

न्हाण्याआधी तासभर थोडं खोबरेल, लांबीला. थोडं म्हणजे चमचाभर. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना केली होती. केसातलं प्रथिन टिकवण्यात खोबरेल सरस ठरलं. म्हणजे आई तेलाबाबत चुकली नव्हती, वाटीबाबत चुकली होती. मग सल्फेट नसलेला शाम्पू, फक्त डोक्याच्या त्वचेला, बोटांच्या पेरांनी. केसांची लांबी चोळायची नाही, ओघळणारा फेस तिला पुरतो. नंतर कंडिशनर मात्र हात आखडता न घेता. तो केसांत असतानाच बोटांनी आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्यानं गुंता सोडवायचा, टोकाकडून मुळाकडे. कंगवा लावायचा तो इथेच, पुढच्या न्हाण्यापर्यंत पुन्हा नाही. हे ऐकून माझ्या सासूबाई म्हणाल्या होत्या, "चार दिवस विंचरायचं नाही? सुतक आहे का?"

पुसायला टर्किश टॉवेल नको. त्याच्या धाग्यांत केस अडकतात आणि बटा विस्कटतात. घरातला जुना मऊ पंचा घ्या, नाहीतर वापरून विरलेला सुती टी-शर्ट. चोळायचं नाही, मूठभर केस खालून वर धरून दाबायचं, बस. आणि केस चांगले ओले असतानाच जेल लावायचं. याला कारण आहे. केसांत गंधकाच्या बंधांखेरीज हायड्रोजनचे कच्चे बंध असतात. ते पाण्यानं सुटतात आणि वाळताना पुन्हा बसतात. म्हणून वाळताना केस ज्या आकारात असेल तो आकार पुढच्या न्हाण्यापर्यंत टिकतो. वाळेपर्यंत हात लावायचा नाही. सगळ्यात अवघड काम हेच. वाळल्यावर बटा कुरडईसारख्या कडक लागतात, घाबरू नका. तळव्यावर तेलाचा थेंब घेऊन मुठीत दाबल्या की कडकपणा जातो आणि वळण राहतं.

जेल विकत मिळतं, पण आम्ही जवसाचं करतो. पाव कप जवस, दोन कप पाणी, मध्यम आचेवर ढवळत राहायचं आणि अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद. गरम असतानाच गाळायचं! पहिल्या वेळी मी ते निवायला ठेवून वाणसामान घ्यायला खाली गेले. परत येईपर्यंत ते असं घट्ट झालं की गाळणीतून थेंब खाली पडेना. शेवटी गाळणीच टाकली. दुसऱ्या वेळी ते फ्रीजमध्ये वाटीत ठेवलं होतं, आमच्या ह्यांनी आंब्याची जेली समजून चमचा घातला. तेव्हापासून बाटलीवर चिठ्ठी असते. आठवडाभर टिकतं, वास आला की फेकायचं.

सगळंच जमलं असं नाही. मॅसीबाईंच्या मूळ पद्धतीत शाम्पू पूर्ण बंद, नुसत्या कंडिशनरनं धुवायचं. आम्ही तीन आठवडे केलं. आपल्याकडचा घाम, धूळ, लोकलचा प्रवास. डोकं खाजून हैराण. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत ते चालत नाही. आठवड्यातून दोनदा सौम्य शाम्पू बरा. पावसाळ्यात ग्लिसरीनच्या वस्तूही आम्ही बाजूला ठेवतो, दमट हवेत केस आणखी फुगतात.

आणि आता आपल्या सोसायटीचा विषय, सेक्रेटरीसाहेब ऐकताहेत ना? एप्रिल-मे महिन्यात बोअरचं पाणी सुरू झालं की लेकीच्या बटा आठवड्याभरात निर्जीव व्हायच्या. आम्हाला वाटायचं जेल बिघडलं. ते जड पाणी होतं. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर थर धरतं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तसाच. आता त्या दोन महिन्यांत शेवटचे दोन तांबे पिण्याच्या आरओच्या पाण्याचे घेतो आणि महिन्यातून एकदा जरा कडक शाम्पूनं थर काढतो. बोअर बंद करा असं मी म्हणत नाही, टँकरचं बिल मलाही दिसतं.

माझं स्वतःचं? मी बरेच महिने नुसती बघत होते. लेकीच्या केसांना पूर्ण वळण यायला वर्ष गेलं. मग एका रविवारी तिनं मला मोरीत स्टुलावर बसवलं आणि माझं डोकं धुतलं. पन्नाशीच्या पुढच्या बाईचं डोकं मुलीनं धुवायचं म्हणजे मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी सारखी "झालं का, झालं का" विचारत होते. कंगवा फिरला तेव्हा सवयीनं खांदे आखडले. दुखलं नाही. तरी मी अंबाडाच घालत राहिले, म्हटलं, आता या वयात कोणाला दाखवायचे? आज इथे बोलायचं ठरलं तेव्हा लेक म्हणाली, कुरळ्या केसांवर बोलणार आणि अंबाडा घालून जाणार? म्हणून हे असे मोकळे.

भाषणाआधीच दोघी-तिघींनी प्रश्न विचारून ठेवलेत, तेवढे सांगते आणि बसते. शिकेकाई चालेल का? चालेल. तिचा फेस सॅपोनिनचा असतो, सौम्य असतो. पण पूड थेट लावू नका, कुरळ्या केसांत ती दोन दिवस सापडत राहते. उकळून गाळून घ्या. रिठा मात्र जास्त कोरडं करतो. झोपताना काय? केस टाळूवर सैल बांधायचे आणि उशीला सॅटिनचा अभ्रा. माझा अभ्रा जुन्या रेशमी साडीचा आहे. केस मुठीनं गळत असतील तर? मग जेल नको, डॉक्टरांकडे जा, रक्त आणि थायरॉइड तपासा.

सी विंगच्या वहिनींची नात सात वर्षांची आहे, छान कुरळी आहे आणि रोज सकाळी तिचं रडणं आमच्या किचनमध्ये ऐकू येतं. वहिनी, येत्या रविवारी नऊ वाजता तिला आमच्याकडे घेऊन या. लेक घरी आहे. येताना मोठ्या दातांचा कंगवा आणि एक जुना पंचा आणा. जवसाचं जेल मी शनिवारी रात्रीच करून ठेवते, गरम असतानाच गाळून.