मेंदूचें चित्र आणि गॅडोलिनियम

कवटी न उघडतां आंतील मेंदू पाहतां यावा, ही वैद्यांची जुनी इच्छा एम. आर. आय. यंत्रानें बऱ्याच अंशीं पुरी केली आहे. हें यंत्र बलवान् चुंबक व रेडिओलहरी यांच्या साह्यानें चित्र काढतें. क्ष-किरणांचा त्यांत उपयोगच नसतो. परंतु मेंदूंतील गांठ किंवा ताजा दाह ओळखण्यास पुष्कळदां साधें चित्र पुरत नाहीं. अशा वेळीं रोग्याच्या शिरेंत गॅडोलिनियम धातूचें एक संयुग टोंचतात. यासच रुग्णालयांत 'कॉन्ट्रास्ट' म्हणतात. निरोगी मेंदूंतील रक्तवाहिन्या हें द्रव्य बाहेर पडूं देत नाहींत. रोगानें जेथें त्यांची भिंत दुबळी केली असेल तेथें तें पाझरतें, आणि तेवढा भाग चित्रांत उजळून दिसतो.

हें औषध एकदांच घ्यावयाचें असतें, तर चिंतेचें कारण फारसें उरलें नसतें. पण गांठीची शस्त्रक्रिया झालेला, किंवा मज्जातंतूंचें आवरण नासविणारा मल्टिपल स्क्लेरॉसिस हा विकार जडलेला रोगी वर्षानुवर्षें तपासणीस जात असतो. दरवेळीं टोंचलेला हा धातु जातो तरी कोठें, असें त्याच्या घरच्या मंडळींस वाटल्यास नवल नाहीं.

सुटा गॅडोलिनियम विषारी असतो. म्हणून औषधांत तो दुसऱ्या रेणूच्या पकडींत बांधलेला असतो. मूत्रपिंडें धड असल्यास बहुतेक औषध एका दिवसांत मूत्रावाटे निघून जातें. असलें पहिलें औषध अमेरिकेंत १९८८ सालीं मान्य झालें. पुढें २००६ सालीं पहिला धक्का बसला. मूत्रपिंडें निकामी झालेल्या कांहीं रोग्यांची कातडी व सांधे ताठर करणाऱ्या एका भयंकर विकाराशीं या औषधांचा संबंध दिसून आला. अशा रोग्यांच्या बाबतींत सावधगिरी सुरू झाली आणि तो विकार अगदीं विरळा झाला.

२०१४ सालीं जपानांतील डॉ. कांडा व त्यांचे सहकारी यांनीं दुसरी गोष्ट पुढें आणली. सहा किंवा अधिक वेळां हें औषध घेतलेल्या रोग्यांच्या मेंदूंत, खोलवरच्या दोन ठिकाणीं, औषध न टोंचतांहि उजळपणा दिसत होता. २०१५ सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनीं औषध घेतलेल्या १३ मृत रोग्यांचे मेंदू तपासले. त्यांत प्रत्यक्ष तो धातुच सांपडला.

मात्र सर्व औषधें सारखीं नव्हत. कांहींत धातु उघड्या सांखळीनें धरलेला असतो, तर कांहींत पिंजऱ्यासारख्या वलयांत कोंडलेला असतो. सांखळीची पकड सैल, म्हणून त्या जातीचा धातु शरीरांत अधिक मागें राहतो. २०१७ सालीं युरोपांत सांखळीच्या जातीचीं कित्येक औषधें स्थगित झालीं. अमेरिकेंत तीं चालू राहिलीं. पण रोग्यास माहितीपत्रक देण्याचा दंडक घालण्यांत आला. मूत्रपिंडें निरोगी असलेल्यांत या उरलेल्या धातूनें मेंदूस अपाय झाल्याचें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. तथापि सिद्ध झालेलें नाहीं म्हणजे नाहींच, असेंहि समजूं नये.

यावरून व्यवहाराचा नियम ठरतो. ज्या चित्रानें उपचाराची दिशा ठरावयाची, त्यासाठीं औषध अवश्य घ्यावें. भीतीपोटीं तें नाकारून वाढती गांठ नजरेआड होऊं देणें हा कितीतरी मोठा धोका आहे. उलट मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या नेहमींच्या तपासणींत जुन्या व नव्या चित्रांची तुलना पुष्कळदां पुरते, असा तज्ज्ञांचा २०२१ सालचा अभिप्राय आहे. २०२२ सालीं अमेरिकेंत मान्य झालेलें एक वलयाकार औषध तर निम्म्या मात्रेंत काम भागवितें.

रोग्यानें डॉक्टरांस नि:संकोच विचारावें : या वेळीं कॉन्ट्रास्ट खरोखर हवें काय? तें वलयाकार जातीचें आहे काय? मूत्रपिंडाचा विकार किंवा गर्भारपण असल्यास तें आधींच सांगावें. आणि घरीं एक वही ठेवून तींत तारीख, औषधाचें नांव व मात्रा प्रत्येक वेळीं टिपून ठेवावी. रुग्णालय बदललें तरी ती वही बरोबर असली, म्हणजे नव्या डॉक्टरांस आंधळेपणानें निर्णय घ्यावा लागत नाहीं.